पंख्याच्या हुकाला टांगलेला वरवंटा

माझा पहिला गाजलेला प्रोग्राम बकरीचा. नांदेडला इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या लॅबमध्ये लिहिला होता. पडद्यावर परीक्षेचा अख्खा पेपर दिसायचा, मग डावीकडून एक बकरी यायची आणि एकेक प्रश्न चरत चरत उजवीकडे निघून जायची. शेवटी कोरा पडदा आणि खाली चार लेंड्या. मुली हसून हसून बेजार झाल्या. लॅबचे सर कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. त्यांनी बकरीला शेवटच्या प्रश्नापर्यंत चरू दिलं आणि मग विचारलं, "ठीक आहे. पण याचा उपयोग काय?"

मी म्हटलं, "सर, बकरीचं पोट भरतं."

त्या वर्षी प्रॅक्टिकलला मी काठावर पास झाले. माझ्या तोंडाने मला आयुष्यभर असंच काठावर ठेवलंय. पण खोड काही गेली नाही. चाळणीतून ज्वारी चाळावी तशी पडद्यावरची अक्षरं चाळून खडे वर ठेवणारा एक प्रोग्राम केला. कॉम्प्युटरच्या पोटातल्या टीचभर स्पीकरवर हलगी वाजवणारा एक केला, त्यासाठी तर आठ दिवस जेवणाकडे लक्ष नव्हतं. हजेरीचा, निकालपत्रकाचा, असा सरळ कामाचा प्रोग्राम लिहायला बसले की मला जांभया यायच्या. हे सगळं मी बढाई मारायला सांगतेय का? हो. मारणारच आहे. पण बढाईची खरी जागा पुढे आहे, जरा थांबा.

शिक्षण संपल्यावर मी लातूरला परत आले आणि एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले. तोवर आमची गल्ली ओळखू येईनाशी झाली होती. क्लास, क्लास आणि क्लास. जळकोटपासून नायगावपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरलेली. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून एका क्लासचा दोन मजली हॉल उभा राहिला होता. एक बॅच सुटली की दुसरी शिरायची. शेजारीपाजारी मला म्हणायचे, "अगं, तू बी क्लास काढ. ते खेळ काय करत बसतीस?" मी हसून सोडून द्यायची, कारण मला घोर होता तो वेगळाच. तो अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला होता.

तो म्हणजे माझी आई. आम्ही तिला माय म्हणतो.

लातूरचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा माय औसा तालुक्यातल्या आपल्या माहेरी होती. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. घर माळवदाचं, म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर हातभर माती. ते सगळं खाली आलं. मायला दुपारी बाहेर काढलं. तिच्या शेजारी झोपलेली तिची बहीण निघाली नाही. लातूरचं आमचं स्लॅबचं घर तसंच उभं होतं, मधल्या खोलीत केसाएवढी एक भेग, बस्स. पण माय त्या घरात परत आली नाही. मधल्या खोलीतला पंखासुद्धा तिने उतरवायला लावला. डोक्यावर लटकणारं काही नको म्हणाली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार दिवसांसाठी अंगणात पत्र्याचं शेड टाकून दिलं. त्या चार दिवसांची दहा वर्षं झाली. माय तिथेच रांधायची, तिथेच झोपायची, आणि जरा कुठे काही हादरलं की जमिनीला तळहात लावून बसायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मग पळत रस्त्यावर. दिवसातून दोनदा, तीनदा.

लातूरचा उन्हाळा आणि पत्रा. मी परत आले त्याच वैशाखात माय चुलीपुढे कोसळली. दवाखान्यात सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "पुढचा उन्हाळा यांना पत्र्याखाली काढू देऊ नका. मग माझ्याकडे आणून फायदा नाही." दादांना सांगितलं तर ते नुसते चष्मा पुसत बसले. त्यांनी काय कमी प्रयत्न केले होते? हात जोडले, रागावले, एकदा तर इंजिनिअरला आणून घराचे नकाशे दाखवले. माय त्या इंजिनिअरला म्हणाली, "साहेब, स्लॅब लई पक्का हाय ना? मग पक्काच पडंल."

आता बोला.

मला जे सुचलं ते बकरी सुचली तसंच, उगीच बसल्याबसल्या सुचलं. त्या काळच्या माऊसच्या पोटात एक रबरी गोळी असायची. गोळी दोन बारीक चक्रं फिरवायची, एक पडद्यावरच्या आडव्या चालीसाठी आणि एक उभ्या. मी गोळी काढून चक्रं पुसत होते. शेजारची बॅच सुटली, भिंत थरथरली आणि बोटातलं पुसायचं कापड चक्राला लागून पडद्यावरचा बाण तसूभर सरकला. मी तशीच बसून राहिले. घर हाललं तर बाण हालू शकतो. बाण हालला तर रेघ काढता येते. रेघ काढता आली तर मायला दाखवता येते की बघ, हे हादरलं ते काय होतं.

लटकवायला वजन पाहिजे होतं. शेडमध्ये चुलीशेजारी मायचा वरवंटा होता, तो उचलला आणि मधल्या खोलीत पंख्याच्या रिकाम्या हुकाला दोरीने टांगला. वरवंट्याच्या बुडाला केरसुणीची काडी, काडीच्या टोकाला दोरा, दोऱ्याचा वेढा माऊसच्या चक्राला, आणि माऊस खाली स्टुलाला खिळवलेला. घर हाललं की माऊस घराबरोबर हालतो, पण जड वरवंटा जागचा हालायला वेळ लावतो. तेवढ्या फरकात चक्र फिरतं आणि पडद्यावर सरळ चाललेली रेघ उडी मारते. रेघेने मोठी उडी मारली की माझी नांदेडची हलगी वाजणार, तीही दादांच्या टेपच्या मोठ्या स्पीकरमधून.

माय उंबरठ्याबाहेर उभी राहून बघत होती. आत पाऊल टाकलं नाही, पण तोंड थांबलं नाही.

"पंखा नगं म्हणले तर धोंडा टांगलास?"

"माय, हे भूकंपाचं मशीन हाय."

"कवा येणार ते सांगतंय?"

"न्हाई. आला की सांगतंय."

"आला की मला बी कळतंय. त्याला लाईट कशाला पायजे?"

"आला की कळतंय गं तुला. पण आला न्हाई, हे कुठं कळतंय? हे मशीन सांगंल, आला न्हाई, बस निवांत."

ती म्हणाली, "माझा वरवंटा फुटला तर बघ," आणि शेडमध्ये गेली.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी हलगी वाजली. आणि कशी वाजली! अख्ख्या गल्लीला मी उत्साहाने आधीच सांगून ठेवलं होतं की हलगी म्हणजे भूकंप. झालं. दारं धडाधड उघडली, माणसं रस्त्यावर. समोरच्या काकू कणकेच्या हातांनी पळाल्या. त्यांच्या मागे त्यांचे सासरे, अर्धी दाढी झालेली, अर्धी साबणात. कुणी दुधाचं पातेलं घेऊन, कुणी फक्त टीव्हीचा रिमोट घेऊन. दुसरीकडच्या लोकांना हे वेडेपण वाटेल. पण आमच्याकडे त्या काळात "भूकंप" म्हटल्यावर खरा का खोटा हे विचारायला कुणी थांबत नव्हतं, आधी पाय बाहेर. आणि रस्त्याच्या मधोमध माय, दोन्ही कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले.

पाच मिनिटांनी कळलं. शेजारच्या हॉलमध्ये त्या दिवशी सरांनी बॅच लवकर सोडली होती आणि पोरं जिन्यावरून उड्या मारत उतरली होती. एवढंच. पुढे मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही, अर्ध्या दाढीवाल्यांनी तर माझ्या शिक्षणापर्यंत मजल नेली. दादा कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. ते म्हणाले, "बंद कर ते." माय दोन दिवस जेवली नाही. मी शेडच्या दाराशी बसून ढसाढसा रडले. तिला आत आणायला निघाले होते आणि मीच तिला आणखी बाहेर ढकललं होतं. याचा उपयोग काय, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःलाच विचारावासा वाटला.

तिसऱ्या दिवशी हलगी काढून टाकली, पण रेघ चालू ठेवली. दिवसभराची रेघ कॉलेजच्या जुन्या खडखड्या प्रिंटरवर छापून आणली. तो लांबच लांब सलग कागद शेडपुढे अंगणात अंथरला, पापड वाळत घालावेत तसा. चार कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि मायला म्हटलं, "तू काही म्हणू नको. नुसतं बघ."

माय चौथी शिकलेली. ती कागदावर ओणवी झाली. मग चुलीतला एक विझलेला कोळसा घेऊन आली.

"हे बारीक बारीक, एकसारखं चाललंय, हे काय?"

मला माहीत नव्हतं. मी खांदे उडवले.

"गिरणी हाय," ती म्हणाली. "बघ ना, मधी सगळीच रेघ तुटली. लाईट गेली. आली की पुन्हा सुरू. कोपऱ्यावरची गिरणी." तिने कोळशाने खूण केली. "अन् हे अचानक आलं अन् गेलं, ही औशाची एसटी. वळणावर खड्डा हाय तिथं. अन् हे आधी बारीक, मग जाड, मग पुन्हा बारीक?"

"बॅच सुटली."

"हाव. पोरं निघाली."

सांगायला लाज वाटत नाही, मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि मला त्या रेघेत फक्त गोंधळ दिसला होता. तिला गल्ली दिसली. रोज संध्याकाळी कागद यायचा आणि रोज माय कोळसा घेऊन बसायची. जेवण पुन्हा सुरू झालं. "आज गिरणीवाल्याचा पट्टा सैल हाय," ती म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी खरंच गिरणी बंद असायची. मी तर उडालेच.

मग मी माझी हुशारी दाखवली. क्लासचं वेळापत्रक आणलं आणि प्रोग्रामला शिकवलं की या या वेळेला रेघ उडाली तर लक्ष देऊ नको. मायला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"पोरं काय घड्याळ बघून पळतेत? सर सोडतेत तवा सुटतेत. वेळ कामून बघतीस? चाल बघ की."

"मग भूकंपाची चाल कशी असते?"

हा प्रश्न दहा वर्षांत तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही. सगळे तिला विसर म्हणायचे, सोड म्हणायचे. पाठीमागे तर भ्रम झालाय म्हणायचे. माय जमिनीवर तळहात टेकवून बसली. मला वाटलं आता रडेल. पण ती एखाद्या मास्तरणीसारखी शांतपणे बोलली.

"आधी खालून ढकलतंय. घाटातल्या गाडीत बसल्यावानी. लई न्हाई, थोडंच. मग जरा थांबतंय. माणसाला वाटतंय, काय न्हाई. अन् मग धरून हालवतंय, इकडून तिकडं. बॅच, गिरणी, एसटी, कुणीबी खालून ढकलत न्हाई. ते सगळे आडवेच येतेत."

मी उठून तिला मिठीच मारली. माझ्या माऊसचं दुसरं चक्र तोवर रिकामं होतं! आणि भूकंपाची पहिली लाट खालून वर येते, दुसरी हालवते, हे माझ्या पुस्तकातही होतं, पण मला पुस्तकात वाचून काही सुचलं नव्हतं. दादांच्या जुन्या सायकलच्या सीटची स्प्रिंग काढली, तिला वजनाचं एक माप लटकवलं आणि ती दुसऱ्या चक्राला जोडली. आता पडद्यावर दोन रेघा. वरची खालून येणाऱ्या धक्क्याची, खालची हालण्याची. प्रोग्राम नव्याने लिहिला, मायने सांगितला तसाच. आधी वरची रेघ उडाली पाहिजे, मग क्षणभर थांबलं पाहिजे, मग खालची. तिन्ही गोष्टी झाल्या तरच हलगी. एक जरी कमी पडली तरी गप्प बसायचं. मी तो पाच ठिकाणी चुकवला आणि पाचही वेळा मायने ओरडून दुरुस्त करून घेतला, तेही एक अक्षर कोड न वाचता.

हिवाळ्यात प्रिंटरची रिबन संपली. खरंच संपली, माझा काही डाव नव्हता. मी म्हटलं, "माय, आता पडद्यावरच बघावं लागंल." ती उंबरठ्याबाहेरून मान लांब करून बघायला लागली. चार दिवसांनी एक पाय आत. मग उंबरठ्यावर बसून. मग आतल्या बाजूला पाट टाकून. आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडे बघायचो सुद्धा नाही, न जाणो तिच्या लक्षात यायचं. ती तिथे बसून ज्वारी निवडायची, डोळा पडद्यावर. पण रांधायची शेडमध्ये, आणि झोपायला तर शेडमध्येच. फाल्गुन गेला. चैत्र लागला. पत्रा तापायला लागला आणि डॉक्टरांचे शब्द माझ्या छातीवर येऊन बसले. मी तिला एकदाच म्हटलं, "माय, आता झोप ना इथं." ती म्हणाली, "डोळा मिटल्यावर पडदा कोण बघंल?" मी हलगीचं नाव काढलं, तर म्हणाली, "अन् लाईट गेली तर?"

आणि मग एका दुपारी तो आला.

लाईट होती, नशीब. माय पाटावर सूप घेऊन बसलेली, दादा खाटेवर, मी पेपर तपासत होते. वरची रेघ उडाली. मला ती दिसलीच नाही. माय म्हणाली, "खालून." आवाज अगदी साधा, दारात दूधवाला आलाय असं सांगावं तसा. मी मान वर केली. वरवंटा स्थिर. एक क्षण काहीच नाही. मग खालची रेघ सुटली, खोलीतली भांडी किणकिणली आणि हलगी वाजली.

माय उठली. पळाली नाही हो! सूप बाजूला ठेवलं, दादांच्या दंडाला धरलं, मला पुढे घातलं आणि आम्ही चालत बाहेर आलो. गल्ली पुन्हा रस्त्यावर. काकू, सासरे, रिमोट, सगळे. शेजारच्या हॉलमधली पोरंही बाहेर. बारकाच धक्का होता, कुठे काही पडलं नाही. पण आमच्याकडची रीत अशी, की एकदा बाहेर आलेलं माणूस त्या दिवशी आत जात नाही. लोकांनी सतरंज्या अंथरायला घेतल्या. काकूंनी स्टोव्ह बाहेर आणला. माय जरा वेळ उन्हात उभी राहिली. वाकून जमिनीला हात लावला. मग पदर खोचून सरळ घराकडे निघाली.

"अहो, कुठं निघालात?" काकू ओरडल्या.

"गेला तो," माय म्हणाली. "रेघ बघून येते."

गल्लीतून सगळ्यात आधी घरात गेलेलं माणूस माझी माय होती. मी तिच्या मागून पळत गेले. ती पडद्यापुढे उभी होती, बोट काचेवर.

"हे बघ. आधी खालून. मग थांबला. मग हालवलं. म्हणले होते का न्हाई?"

"हाव माय. जशास तसं."

"म्हंजे मला खरंच कळतंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला भ्रम झालेला न्हाई."

दादा दारात उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं. मी मात्र उघड उघड भोकाड पसरलं, माझ्यात ती लाज नाही. आनंदाने फुटायची वेळ आली होती मला. बकरी, चाळणी, हलगी, सगळ्या बिनकामाच्या दिवसांचं सोनं झालं होतं, आणि माझ्या प्रोग्रामचा निम्मा भाग चौथी शिकलेल्या बाईने बोलून लिहिला होता.

मायने पाट उचलून भिंतीला लावला. कपाळावरचा घाम पुसला, वर बघितलं.

"लई उकडतंय गं इथं. तो धोंडा काढ वरचा. पंखा लाव."

मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो. "अन् मशीन?" मी विचारलं.

"आता कशाला पायजे ते? अन् चटणी कशानं वाटू, माझा वरवंटा अडकवून ठेवलास साल झालं."

दादा स्टुलावर चढले. मी खालून स्टूल धरलं. वरवंटा उतरवला, दोरा सोडला. माळ्यावरचा पंखा पुसून आणला आणि त्याच हुकाला टांगला. बटण दाबलं तर कुरकुरत फिरायला लागला. रस्त्यावरची माणसं खिडकीतून बघत होती. दहा वर्षांनी माय स्लॅबखाली आडवी झाली, जमिनीवर, हाताची उशी करून, अगदी पंख्याच्या खाली.

तासाभराने शेजारच्या सरांनी रीत बाजूला सारून क्लास पुन्हा भरवला आणि मग सोडला. जिना दणदणला. भिंत थरथरली. मी श्वास रोखून मायकडे बघितलं.

तिने डोळे उघडले नाहीत. "बॅच सुटली," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.